छायाचित्रांच्या पाठीमागें संगीत असावें काय ?

छायाचित्रकार आपलीं चित्रें लोकांस दाखविण्याकरितां संकेतस्थळ उभारूं लागला, म्हणजे कोणी तरी स्नेही त्यास हटकून एक सूचना करतो : पाठीमागें मंद सुरांत सतार किंवा बांसरी वाजती ठेवावी, चित्रें अधिक उठून दिसतील. सूचना निरुपद्रवी वाटते. ज्या घरांत चांगल्या चित्राची चाड आहे त्या घरांत चांगल्या गाण्याचीहि असते. मग दोन्ही एकाच जागीं मिळालीं तर बिघडलें कोठें? पानांत जिलबी वाढली म्हणून मसालेभात कोणी परत धाडीत नाहीं. परंतु डोळा आणि कान यांचा न्याय जेवणाच्या पानासारखा नाहीं. दोघांचा काळाशीं असलेला व्यवहार इतका निराळा आहे, कीं त्यांना शेजारीं बसवितांना कोणाच्या तरी वांट्यास कमी येणार, हें आधींच ठरलेलें असतें.

भिंतीवर टांगलेलें छायाचित्र पाहणाऱ्याकडून ठराविक वेळ मागत नाहीं. त्याच्यापुढून कोणी दोन पळांत निघून जाईल, कोणी अर्धा तास उभा राहील, कोणी चार पावलें पुढें जाऊन परत वळेल. कोपऱ्यांत उभें असलेलें मूल, दोरीवर वाळत घातलेलें लुगडें, भिंतीचा तडा, हीं सर्व एकदम समोर असलीं तरी डोळा त्यांना एकामागून एक आणि आपल्या आवडीच्या क्रमानें भेटतो. छायाचित्रकार हा क्रम सुचवूं शकतो. ठरवूं शकत नाहीं. गाण्याचें तसें नाहीं. तें सुरू होतें, वाढतें, समेवर येतें आणि संपतें. त्यांतील आठवी मात्रा तिसरीच्या आधीं ऐकतां येत नाहीं. तेव्हां दोघांची गांठ घातली, कीं संगीत आपला काळ चित्रावर पसरतें. अंतरा संपला म्हणजे पाहणाऱ्याचा हात नकळत पुढील चित्राकडे जातो. ज्या चित्रापाशीं त्याला थांबावयाचें होतें तें मागें राहतें.

हें नुसतें तर्काचें म्हणणें नव्हे. रोनाल्ड मिलिमन ह्या अमेरिकन संशोधकानें १९८२ सालीं एक प्रयोग प्रसिद्ध केला. एका सुपरमार्केटांत कधीं संथ, तर कधीं द्रुत लयीचें संगीत लावून त्यानें गिऱ्हाइकांची चाल मोजली. लय संथ असली म्हणजे माणसें सावकाश चालत आणि विक्रीहि अधिक होई. दुकानदारास ह्यांत लाभ आहे. चित्रें दाखविणाऱ्यास प्रेक्षकाचे पाय असे परस्पर हलविण्यांत कोणता लाभ आहे, हें मात्र सांगणें कठीण.

येथें कोणी म्हणेल, कीं चित्र आणि गाणें यांचा संबंध आपल्याकडे आजचा नाहीं. तें खरेंच आहे. सिंधुदुर्ग जिल्ह्यांत कुडाळजवळच्या पिंगुळी गांवचे ठाकर समाजांतील चित्रकथी रामायण-महाभारतांतील प्रसंगांचीं चित्रें एकामागून एक श्रोत्यांपुढें धरून वीणा, टाळ आणि हुडुक यांच्या साथीनें कथा गात आले आहेत. त्याच परंपरेंतील परशुराम गंगावणे यांना २०२१ सालीं पद्मश्री मिळाली. कल्याणच्या महादेव गोपाळ पटवर्धनांनीं आपल्या मुलांसह १८९२ च्या सुमारास ‘शांबरिक खरोलिका’ ह्या नांवाचा दीपचित्रांचा खेळ सुरू केला. कांचेवर हातानें रंगविलेलीं चित्रें दिव्याच्या उजेडानें पडद्यावर पाडावयाचीं आणि त्यांना निवेदनाची, संवादांची व गाण्याची जोड द्यावयाची, असा तो खेळ होता. ल्युमिएर बंधूंचीं चलच्चित्रें मुंबईच्या वॉटसन हॉटेलांत ७ जुलै १८९६ रोजीं दाखविलीं गेलीं. त्यापूर्वींच कल्याणकरांनीं पडद्यावरील चित्रांना स्वर दिलेला होता. पुढें मूकपटांच्या काळांत पडद्याखालीं तबला-पेटी वाजूं लागली.

परंतु ह्या सर्व खेळांत एक गोष्ट समान आहे, आणि सगळा निवाडा तिच्यावरच अवलंबून आहे. पुढचें चित्र केव्हां धरावयाचें हें चित्रकथी स्वतः ठरवितो. सीतेला रावणानें उचलली, कीं तो स्वर चढवितो. प्रसंग समजावून सांगावयाचा असेल तर वीणा थांबवून बोलतो. समोरचीं पोरें चुळबुळूं लागलीं तर दोन कडवीं गाळतो. चित्र, स्वर आणि प्रेक्षक ह्या तिघांवर एकाच माणसाचें लक्ष असतें. मूकपटाचा पेटीवालाहि पडदा पाहूनच बोटें फिरवी. संकेतस्थळावर सोडून दिलेल्या संगीताला असें कोणतेंच भान नसतें. पाहणारा लग्नाच्या चित्रावर आहे कीं स्मशानाच्या, पहिल्यावर आहे कीं चाळिसाव्यावर, हें त्याला ठाऊक नसतें. तें आपल्या नादांत वाजत राहतें आणि संपलें कीं पुन्हां पहिल्यापासून सुरू होतें. चित्रकथ्याचा दाखला देऊन अशा संगीताचें समर्थन करणें म्हणजे वाढपी नसलेल्या पंक्तीला अन्नछत्र म्हणणें होय.

जेथें क्रम आणि काळ कर्त्याच्या हातीं आहेत, तेथें स्थिर छायाचित्रांनाहि संगीत विलक्षण शोभतें. केन बर्न्स यांची अमेरिकन यादवी युद्धावरील नऊ भागांची मालिका १९९० सालीं तेथील दूरचित्रवाणीवर दाखविण्यांत आली. १८६१ ते १८६५ ह्या काळांतील युद्धाचें चलच्चित्र असणें शक्यच नव्हतें. म्हणून बर्न्स यांनीं जुन्या छायाचित्रांवरून कॅमेरा हळूहळू सरकवीत नेला आणि त्या गतीला व्हायोलिनच्या एका करुण धुनेची साथ दिली. ती धून ऐकणाऱ्या असंख्य लोकांस ती युद्धकाळांतीलच वाटली. वास्तविक ‘अशोकन फेअरवेल’ ही धून जे अंगर ह्या वादकानें १९८२ सालीं, युद्ध संपून शंभरांहून अधिक वर्षें लोटल्यावर, बांधलेली आहे. ह्यावरून दोन गोष्टी दिसतात. योग्य हातांत संगीत छायाचित्राला जणूं श्वास देतें, ही एक. दुसरी अशी, कीं तें प्रेक्षकाच्या मनांत एक खोटी स्मृति इतक्या अलगद ठेवून जातें, कीं तिला खोटी म्हणण्याचें धैर्यहि कोणास होऊं नये.

नॅन गोल्डिन ह्या अमेरिकन छायाचित्रकर्त्रीचें उदाहरण ह्याहून बोलकें आहे. आपल्या मित्रमंडळाच्या प्रेमाचीं, व्यसनांचीं आणि मारहाणीचीं चित्रें ती १९८० नंतरच्या वर्षांत न्यूयॉर्कच्या क्लबांतून पडद्यावर दाखवी. सुमारें सातशें चित्रें एकामागून एक सरकत आणि त्यांना निवडक गाण्यांची साथ असे. गाणें हा तेथें रचनेचाच भाग होता. कोणत्या चित्रावर कोणती ओळ यावी, हें तिनें जुळविलेलें असे. १९८६ सालीं त्याच चित्रांचें पुस्तक निघालें. पुस्तकाला अर्थातच आवाज नव्हता, तरी तें उणें ठरलें नाहीं. तें छायाचित्रकलेंतील महत्त्वाच्या पुस्तकांत गणलें जातें. एकाच चित्रांचीं हीं दोन रूपें आहेत : एकांत काळ कर्त्रीचा, दुसऱ्यांत वाचकाचा. संकेतस्थळ ह्या दोहोंपैकीं कोणाच्या जातीचें आहे, हें पाहूं गेल्यास उत्तर सरळ मिळतें. त्याचीं पानें हवीं तशीं उलटतां येतात, मध्येंच सोडतां येतात, मागें जातां येतें. तें पुस्तकाच्या जातीचें आहे, आणि पुस्तक उघडतांच आंतून पेटी वाजूं लागली तर कोणीहि दचकेल.

आतां अर्थाचा प्रश्न. आणि खरी जोखीम येथेंच आहे. सँड्रा मार्शल आणि ॲनाबेल कोहेन ह्या दोघींनीं १९८८ सालीं एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यांत माणसें नव्हतींच. दोन त्रिकोण आणि एक वर्तुळ पडद्यावर हिंडत आहेत, एवढीच ती फिल्म. तिला दोन निरनिराळीं संगीतें देऊन प्रेक्षकांस दाखविली, तेव्हां त्या आकृतींच्या स्वभावाविषयींचीं लोकांचीं मतें संगीताबरोबर बदललीं. त्रिकोणाची जर ही गत, तर माणसाच्या चेहऱ्याची काय होईल ?

बंगालच्या १९४३ च्या दुष्काळाचीं सुनील जाना यांनीं काढलेलीं छायाचित्रें घ्यावीं. तीं त्या वेळीं कम्युनिस्ट पक्षाच्या ‘पीपल्स वॉर’ ह्या पत्रांत छापलीं गेलीं आणि त्यांनीं दूरच्या शहरांतील वाचकांस हादरविलें. त्या चित्रांपुढें उभा राहून कोणास संताप यावा, कोणास शरम वाटावी, कोणास धान्याच्या भावाचा, सरकारी गोदामांचा आणि साठेबाजांचा विचार सुचावा, कोणास कांहींच न सुचून नुसतें मुकें व्हावें. ह्यांपैकीं प्रत्येक प्रतिसाद प्रामाणिक आहे. आतां त्यांच्या पाठीमागें सारंगी लावली अशी कल्पना करावी. ती सर्वांना एकाच दिशेनें नेते, कणवेच्या. कणव ही हलकी भावना नव्हे. पण सारंगीनें आणलेली कणव सारंगीबरोबरच ओसरते, आणि ओसरतांना आपण कांहीं तरी केलें असें समाधान ठेवून जाते. शिवाय त्या चित्रांतील माणसाला कोणी विचारलेलें नसतें. आपला देह कॅमेऱ्यापुढें उघडा पडला एवढें त्याच्या नशिबीं आलें. त्यावर आपल्या मरणाला कोणती चाल लावावी हेंहि परक्यानेंच ठरवावें, हें अति झालें. दुःखाच्या छायाचित्राला पार्श्वसंगीत देणें ही अभिरुचीची बाब नाहीं. तो त्या माणसाच्या वतीनें, त्याला न विचारतां बोलण्याचा प्रकार आहे.

निसर्गचित्रांच्या बाबतींत एवढी मोठी आपत्ति नाहीं. पावसाळ्यांतील हरिश्चंद्रगडाच्या कड्याला बांसरी लावली म्हणून कोणाचा मानभंग होत नाहीं. पण धुकें आणि बांसरी, वाळवंट आणि रावणहत्था, देऊळ आणि सनई ह्या जोड्या इतक्या वेळां जुळविल्या गेल्या आहेत, कीं संगीत सुरू होतांच चित्र न पाहतांच पाहिल्यासारखें वाटतें. छायाचित्रकारानें पहाटे तीन वाजतां उठून, चढण चढून मिळविलेला तो विशिष्ट उजेड भिंतीवरच्या दिनदर्शिकेंतील चित्राच्या पंक्तीस जाऊन बसतो.

ऐकूं येईल पण लक्ष वेधणार नाहीं, असें संगीत रचतां येणार नाहीं काय ? फ्रेंच संगीतकार एरिक साती यानें हाच विचार केला होता. खोलींतील खुर्च्या-टेबलांसारखें, असून नसल्यासारखें संगीत त्यानें रचलें आणि त्याला घरसामानाचें संगीत असेंच नांव दिलें. मार्च १९२० मध्यें पॅरिसच्या एका चित्रदालनांत नाटकाच्या मध्यंतरांत तें वाजविण्यांत आलें. वादक सुरू होतांच प्रेक्षक आपापल्या जागीं परतून शांतपणें ऐकूं लागले. साती त्यांच्यांत हिंडून, बोला, फिरा, ऐकूं नका, म्हणून विनवीत राहिला. कोणी मानलें नाहीं! कानाला पापणी नाहीं, हें त्या रात्रीं सातीच्या ध्यानीं आलें असावें.

ह्या प्रश्नाला यंत्राचीहि एक बाजू आहे आणि तिचा इतिहास मोठा मजेदार आहे. १९९५ च्या सुमारास मायक्रोसॉफ्टच्या इंटरनेट एक्स्प्लोररमध्यें पान उघडतांच आपोआप आवाज सुरू करणारी एक खूण आली. त्या काळीं दूरध्वनीच्या तारेवरून येणारी माहिती इतकी सावकाश येई, कीं एक मेगाबाइट उतरण्यास चांगल्या मोडेमलाहि दोन मिनिटांहून अधिक वेळ लागे. तेव्हां खरें ध्वनिमुद्रण धाडणें परवडत नसे. त्याऐवजीं ‘मिडी’ नांवाची लहानशी फाइल असे. तिच्यांत आवाज नसतोच. कोणता स्वर, कोणत्या वाद्याचा, किती वेळ, एवढ्याच सूचना असतात, आणि वाजविण्याचें काम ज्याच्या त्याच्या संगणकानें करावयाचें असतें. परिणाम असा होई, कीं एकाच पानावरची सतार एका घरीं बरी वाजे आणि दुसऱ्या घरीं मुलांच्या खेळण्यांतल्या पेटीसारखी. पुढें फ्लॅशचा जमाना आला. लग्नाचीं छायाचित्रें काढणाऱ्यांचीं संकेतस्थळें त्या काळांत हटकून गातीं असत; कचेरींत बसून हळूच लग्नाचे फोटो पाहूं इच्छिणाऱ्याची सगळ्या कचेरीसमोर फजिती होई. अॅडोबीनें ३१ डिसेंबर २०२० रोजीं फ्लॅशचा आधार काढून घेतला, पण त्याआधींच ब्राउझरांनीं बंड केलें होतें. ॲपलच्या सफारीनें २०१७ सालीं, गूगलच्या क्रोमनें एप्रिल २०१८ मध्यें आणि फायरफॉक्सनें मार्च २०१९ मध्यें असा नियम केला, कीं पाहणाऱ्यानें पानावर कांहीं क्रिया केल्यावांचून आवाज सहसा आपोआप सुरू होऊं नये. म्हणजे आज एखाद्यानें हौसेनें संगीत घातलें तरी बहुतेक पाहुण्यांस तें पान उघडतांना ऐकूंच येणार नाहीं.

ह्याहूनहि गंभीर कारण दृष्टिहीन वाचकांचें आहे. ते संगणकाचें पान कानांनीं वाचतात. पडद्यावरील मजकूर मोठ्यानें वाचून दाखविणारी यंत्रणा त्यांच्याजवळ असते. छायाचित्राखालीं नीट वर्णन लिहिलेलें असेल तर छायाचित्रांचें संकेतस्थळहि त्यांच्या उपयोगीं पडतें. पण त्याच वेळीं पाठीमागें संगीत वाजूं लागलें, तर वर्णनाचा आवाज त्यांत बुडतो आणि संगीत बंद करण्याचें बटण कोठें आहे हें सांगणारा आवाजहि बुडतो. म्हणून संकेतस्थळांच्या सुगम्यतेच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक नियमांत, २००८ सालच्या दुसऱ्या आवृत्तीपासून, असें कलम आहे, कीं तीन सेकंदांहून अधिक काळ आपोआप वाजणारा आवाज थांबविण्याची किंवा त्याची पातळी स्वतंत्रपणें कमी करण्याची सोय असलीच पाहिजे.

कायद्याचा विचार थोडक्यांत करावयाचा तर इतकाच, कीं विकत घेतलेलें गाणें ऐकण्याचा हक्क देतें. लोकांस ऐकविण्याचा नव्हे. भारताच्या १९५७ च्या कायद्यान्वयें शब्द आणि चाल यांवरील हक्क कर्त्याच्या मृत्यूनंतर साठ वर्षें आणि ध्वनिमुद्रणावरील हक्क प्रकाशनानंतर साठ वर्षें चालतो, आणि हे हक्क स्वतंत्र असतात. देवलांचें निधन १९१६ सालीं झालें. त्यांच्या पदांवर आतां कोणाचा हक्क उरलेला नाहीं. परंतु पुणें नभोवाणीवरून १९५५ सालीं सुरू झालेल्या ‘गीतरामायणा’चे शब्द माडगूळकरांचे आहेत, त्यांचें निधन १९७७ सालीं झालें, तेव्हां त्या शब्दांवरील हक्क २०३७ च्या अखेरपर्यंत राहणार. चाल देणाऱ्या सुधीर फडके यांचें निधन तर २००२ सालचें. आपलें छायाचित्र कोणी न विचारतां उचललें म्हणून चिडणाऱ्या छायाचित्रकारानें दुसऱ्याचें गाणें न विचारतां उचलावें, हें शोभणारें नाहीं.

इतकें सांगूनहि ज्यास संगीताची ओढ वाटते, त्यानें पंचवीस-तीस निवडक चित्रांची पांच मिनिटांची वेगळी फिल्म करावी, तिला योग्य परवानगीनें संगीत द्यावें, आणि ती संकेतस्थळाच्या एका पानावर ठेवावी. ज्यास पाहावयाची तो पाहील. लग्न-मुंजींच्या चित्रांना तर हीच तऱ्हा उत्तम. घरचीं माणसें एकत्र बसून ती फिल्म पाहतात आणि मागाहून निवांतपणें एकेक चित्र मोठें करून, मावशीनें कोणतें पातळ नेसलें होतें तें तपासतात. त्या दुसऱ्या कामाला शांतताच लागते.

शांतता म्हणजे रितेपणा, ही समजूत मात्र टाकून दिली पाहिजे. नभोवाणीवर चित्र नसतें, म्हणून श्रोता तें आपल्या मनांत उभें करतो. मूक छायाचित्रापुढें प्रेक्षक त्याच न्यायानें आवाज उभा करतो. आगगाडीच्या फलाटाचें चित्र पाहतांना चहावाल्याची हांक ज्याची त्याला ऐकूं येते, आणि ती प्रत्येकाच्या गांवची असते. आपल्याकडील रागमालेच्या चित्रकारांना हें मर्म ठाऊक होतें. दक्षिणेंतील आणि राजस्थानांतील त्या चित्रांत राग रंगविलेला आहे. ऐकवावा लागत नाहीं. वीणा घेतलेली तोडी आणि तिच्याभोंवतीं जमलेलीं हरिणें पाहिलीं, कीं ज्याला राग येतो त्याच्या कानांत तो आपोआप उमटतो.

खरा आवाज, म्हणजे चित्र जेथें घेतलें तेथला आवाज, ही मात्र वेगळी गोष्ट आहे. तें पार्श्वसंगीत नव्हेच. ह्याचा नमुना महाराष्ट्रांतच आहे. गी प्वातवँ आणि हेमा राईरकर यांनीं अनेक वर्षें खेडोपाडीं हिंडून स्त्रियांच्या जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. त्यांची संख्या एक लाखाहून अधिक आहे, आणि पुष्कळ ओव्या मूळ गाणाऱ्या स्त्रियांच्या आवाजांत ध्वनिमुद्रित आहेत. २०१७ पासून त्या ‘परी’ ह्या ग्रामीण भारताच्या संग्रहाच्या संकेतस्थळावर क्रमाक्रमानें येत आहेत. पानावर ओवी गाणाऱ्या बाईचें छायाचित्र असतें, शेजारीं ओव्यांचे शब्द असतात, तिचें नांव आणि गांव दिलेलें असतें, आणि तिचा आवाज पाहुण्यानें मागितल्याखेरीज सुरू होत नाहीं. आधीं तिचा चेहरा पाहावयाचा, कपाळावरचें गोंदण, हाताच्या शिरा, पाठीमागची भिंत पाहावयाची; मग खुणेवर बोट ठेवलें कीं ओवी सुरू होते.